जुबैलच्या परसातले मासे

सौदीतल्या जुबैलमधल्या लढाईच्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मी सायरनचं सांगतो. खिडक्यांना लावलेल्या चिकटपट्ट्यांचं, कुवेतकडून आलेल्या काळ्या धुराचं सांगतो. ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. परसातल्या माशांचं मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बोलणं तिकडे वळतंय असं वाटलं की काहीतरी निमित्त काढून उठतो. आता उठायलाही वेळ लागतो, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं ती राहिली नाही. म्हणून लिहून टाकतो.

मी तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. गॅस गळाला की घंटा वाजवणारी यंत्रं असतात, ती सांभाळणं हे माझं काम. कंपनीनं घर दिलं होतं. मागे उंच भिंतींचं परस, त्यात वाळू आणि एक नळ. घरात बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि मी.

इराकनं कुवेत घेतलं त्या उन्हाळ्यापासून मला स्वस्थ बसवेना. शिफ्ट करून आलो की रेडिओ, रेडिओ बंद केला की परसात फेऱ्या. हाताला काम हवं होतं. कंपनीच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात वाचलं होतं, की खाली टाकीत मासे ठेवायचे, वर खडीचा वाफा करायचा. माशांचं पाणी पंपानं वाफ्यात सोडायचं, भाजी त्यातलं खत घेते आणि निवळलेलं पाणी परत टाकीत उतरतं. मातीच लागत नाही. वाळूच्या देशात हे मला फार पटलं.

भंगारातून पाण्याची फायबरची टाकी आणली, आडवी कापली. खालच्या अर्ध्यात पाणी. वरचा अर्धा लोखंडी स्टँडवर ठेवून खडीनं भरला. पंप जुन्या कुलरचा. खडी धुण्यातच कितीतरी शुक्रवार गेले. मेथी पेरली, कोथिंबीर पेरली. जवळच्या कतीफ गावी खजुराच्या बागांतल्या हौदांत बुल्टी नावाचे मासे पाळत. एका बागवाल्याकडून ते पाण्याच्या कॅनमधून आणले आणि मोठ्या हौसेनं सगळे एकदम सोडले.

शेजारी रत्नागिरीकडचे एक मुसलमान गृहस्थ राहत, आमच्याच कारखान्यात फिटर. ते भिंतीवरून डोकावले. "काय साहेब, मेथीला मासे की माशांना मेथी?"

"दोन्ही."

"म्हणजे आमटी तयारच. फक्त गॅस पेटवायचा बाकी!"

गॅस हा शब्द ऐकून बायको दारात आली. त्या दिवसांत तिला दुसरं काही सुचत नव्हतं. "अहो, रासायनिक बॉम्ब टाकणार म्हणतात. वासही येत नाही म्हणे. आपल्याला कळणार कसं?"

मी पंपाची नळी बसवत होतो. मान वर न करता म्हणालो, "मासे आधी मरतील. ते पोहतायत तोवर आपल्याला काही होत नाही."

गल्लीत कोणी पोपट आणले होते, कोणी कोंबड्या, सगळे त्याच हिशेबानं. माशांच्या बाबतीत मात्र मला कशाचाच आधार नव्हता. पाण्यातल्या माशाला हवेतला गॅस कधी कळेल, कळेल तरी का, मी विचारही केला नव्हता. पण हे सांगणारा माणूस गॅस ओळखण्याचाच पगार घेत होता. तिनं विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठली की आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकीकडे बघायची.

थंडी सुरू झाली तेव्हा सांगलीहून तिच्या आईची कॅसेट आली. तेव्हा फोन महाग, म्हणून माणसं बोलणं कॅसेटवर भरून पाठवत. आईंना हृदयाचा त्रास होता. दोन वाक्यांच्या मध्ये धाप ऐकू यायची. "यंदा येऊन जा गं. पुढच्या वर्षाचं काही सांगत नाही मी." बायकोनं ती कॅसेट इतक्या वेळा लावली की मुलीला ती पाठ झाली.

त्याच सुमारास शेजारी आले. म्हणाले, "साहेब, माझी घरवाली पोरांना घेऊन निघालीय. भाभींना आणि बेबीला तिच्याबरोबर धाडा. मुंबईला माझा भाऊ न्यायला येणार आहे, तो त्यांना सांगलीच्या गाडीत बसवून देईल. विमानं किती दिवस चालतील, अल्ला जाणे."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बघू."

खरं कारण इथे लिहायला हवं. बायकापोरं गेली की कंपनी घर काढून घेई आणि माणसाला कॅम्पातल्या सामायिक खोलीत पाठवत असे. मी त्यालाच घाबरत होतो. सायरन वाजेल, आणि आपलं माणूस जवळ नसेल. ती गेली तर मी मोडेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला सांगितलं असतं तर कदाचित ती माझ्यासाठी राहिलीही असती, किंवा मलाच घेऊन निघाली असती. मी सांगितलं नाही.

तिनं बॅग भरायला घेतली. त्याच आठवड्यात मी रात्रपाळी करून उजाडताना घरी आलो, तर टाकीत सगळे मासे उलटे. चूक माझीच. नव्या खडीत माशांची घाण पचवणारे जंतू वाढायला वेळ लागतो, तोवर मासे मोजके ठेवायचे, खाणं बेतानं घालायचं असतं. मी टाकी गच्च भरली होती, आणि चैन पडत नाही म्हणून येता-जाता चपातीचे तुकडे टाकत होतो. पाण्यात अमोनिया साठला. कारखान्यात मी अमोनियाच्याच मागावर असायचो.

आत बायको निजली होती. उठून तिनं खिडकीतून पाहिलं असतं, तर संध्याकाळच्याच विमानानं निघाली असती. मी मेलेले मासे पिशवीत भरले, टाकीवर ताडपत्री टाकली. पेट्रोल भरून येतो, असं दारातून ओरडून सांगितलं आणि गाडी थेट कतीफला घातली. परत येताना कॅन मागच्या सीटवर डचमळत होता आणि मी गाणं गुणगुणत होतो. हे मला अजून आठवतं.

दुपारी तिनं विचारलं, "अहो, मी जाऊ ना? आईचा आवाज ऐकलात तुम्ही."

मी तिला टाकीपाशी नेलं. पाणी बदललं होतं, नवे मासे झटके मारत फिरत होते. "बघ, कसे मजेत आहेत. हे घाबरतील तेव्हा आपण घाबरू. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळेच जाऊ आईंकडे."

मुलगी वाकून बघत होती. तिथल्या शाळेमुळे तिच्या तोंडी हिंदीच बसली होती. "पापा, ये छोटे क्यूं हो गये?"

"थंडी आहे ना, आकसतात."

बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली. संध्याकाळी तिनं बॅगेतले कपडे परत कपाटात लावले. शेजाऱ्यांची मंडळी गेली.

जानेवारीत लढाई सुरू झाली. विमानं बंद. सायरन झाला की आम्ही दाराच्या फटीत ओले टॉवेल खुपसून बसत असू. सायरन संपला तरी बायको दार उघडू द्यायची नाही. आधी पडदा सारून टाकीकडे बघायची.

एका सकाळी मी कामावर असताना वीज गेली, पंप थांबला, पाण्यातली हवा संपून मासे गुदमरले. मी घरी आलो तो न्हाणीघराचं दार आतून बंद. मुलीचं रडणं ऐकू येत होतं.

"अगं, दार उघड. काही झालेलं नाही."

"तुम्ही आत येऊ नका! नाक झाका! मासे मेलेत."

"ते गॅसनं नाही मेले."

"मग कशानं मेले?"

त्या दारापाशी मी उभा होतो. सगळं तिथेच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "थंडीनं."

तिनं दार उघडलं. मुलीच्या तोंडावर ओला टॉवेल घट्ट बांधलेला, स्वतःच्या तोंडावर काहीच नाही.

महिन्याभरात सांगलीहून तार आली. आई गेल्या होत्या. जायला विमान नव्हतं. तिनं कॅसेट लावली नाही, रडलीही थोडीच. एवढंच म्हणाली, "माझाच धीर झाला नाही. निघायला हवं होतं मी."

पुढे आयुष्यभर ती हेच म्हणत आली. तिच्या भावानं बरीच वर्षं राग धरला, तेव्हा त्याच्यासमोरही हेच. मी शेजारी बसलेला असे. कित्येकदा वाक्य जुळवून ठेवलं. दवाखान्यात तिच्या शेवटच्या आजारात एकदा सुरुवातही केली. "जुबैलचं एक सांगायचं होतं." तिनं डोळे उघडले, म्हणाली, "सांगा." मी म्हणालो, तिथली मेथी बरी यायची.

तिच्या दिवसांना भाऊ आला होता. मंडळींना सांगत होता, "ताई लहानपणापासून भित्रीच. लढाईच्या धास्तीनं आईला भेटायला आली नाही." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

तू निघाली होतीस. बॅग भरली होतीस. भीती मला वाटत होती, आणि मी ती तुझ्या नावावर घातली. मला माफ कर.