लालबर्रा रस्त्यावर पोरीसोबत

दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा दारू सोडून मला अठरा दिवस झाले होते. गोळ्या चालू होत्या. तंबाखूचा खर्राही बंद. निघताना डॉक्टर म्हणाले, "दवा अपना काम करेगी, पर घर में बैठे मत रहना. रोज इतना चलो कि पसीना निकले."

बसवत तर नव्हतंच. ऑफिसला रजा होती. खाट, अंगण, फाटक, पुन्हा खाट. मी फाटकाशी गेलो की भाजी चिरणाऱ्या बायकोचा हात थांबायचा.

मुलगी वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. त्यात चार तासांत बरंच अंतर चालून दाखवावं लागतं, म्हणून ती रोज पहाटे लालबर्रा रस्त्यानं जायची. एकदा मलाही उठवलं.

"चला बाबा. मले एकटीले कुत्रे तरास देतात."

कुत्र्यांना ती कधीच भ्याली नव्हती.

पहिल्या दिवशी राइस मिलपर्यंत गेलो अन् धापा टाकत बसलो. पण तेवढा वेळ खर्र्याची आठवण आली नव्हती. घरी पोचल्यावर मात्र ती दुपटीनं आली. संध्याकाळी मी एकटाच पुन्हा चालायला निघालो.

पंधराएक दिवसांनी मी चालताना मागं पडलो. वाटेतली पानटपरी नुकतीच उघडली होती. विचार करायच्या आत खर्रा घोटून तोंडात गेलासुद्धा. पुढं गेलेली पोरगी परत आली, तिनं माझ्या फुगलेल्या गालाकडं पाहिलं. ती ओरडेल म्हणून मी वाट पाहत होतो.

"थुका," ती हळूच म्हणाली. मी थुंकलो.

"उद्यापासून तुमी समोर चाला, मी मागं राह्यते."

दुसऱ्या दिवशी तिची पावलं पाठीशी ऐकत मी टपरीसमोरून इतका भरभर गेलो की पोटऱ्या भरून आल्या. डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. तलफ आली की चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या.

ती भरतीत पास झाली, बैहरकडच्या जंगलात नोकरीला गेली. दारू सोडून आता दोन वर्षं झाली. खर्रा मधे दोनदा खाल्ला. अजूनही काही दिवस असे येतात की अंगण पुरत नाही.

सकाळी तिचा फोन येतो. "गेलते का बाबा?"

"हौ," मी म्हणतो. कधी ते खोटं असतं. मग फोन ठेवून निघावंच लागतं.