घाटाच्या केबिनची गरम काच

पहिली काच मंगळवारी तडकली, दुसरी बुधवारी. गुरुवारी सकाळी देसाईसाहेबांचा फोन आला.

"काय फोरमन, केबिनच्या सगळ्या काचा फोडूनच थांबणार का?"

मी तेव्हा लोणावळ्याला रेल्वेत इलेक्ट्रिक फोरमन होतो. घाटात विजेची इंजिनं येऊन काही वर्षं झाली होती. वीज हाताशी आहे म्हटल्यावर प्रत्येक दुखण्यावर विजेचाच इलाज शोधायची खोड वरच्या लोकांना लागली होती. देसाईसाहेब म्हणजे मुंबईहून नवे आलेले, रेल्वेच्या रेस्ट हाउसवर उतरलेले वाहतूक अधिकारी. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं, की तिकडे इमारतींच्या खिडक्यांना विजेची ऊब देतात, मग काचेवर वाफ धरत नाही. मासिकात चित्र सुरेख होतं. तार कोणती, किती लांब, करंट किती, यातलं अक्षरही नव्हतं. ते पान कापून माझ्या टेबलावर आलं आणि खाली शेरा होता, "आठ दिवसांत करा."

मूळ दुखणं सांगतो. घाट चढून आलेली गाडी यार्डाच्या तोंडाशी सिग्नल केबिनच्या खालून जाते. केबिनवाल्याने तिच्या शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा बघायचा. दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली. नाही दिसला, तर मधली जोड तुटून चार डबे मागे घाटात राहिले असतील असं धरून चालायचं. म्हणून दिवा बघितल्याशिवाय मागच्या स्टेशनला 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढची गाडी सोडा, असं कळवायचं नाही. नियम एवढाच, पण मागच्या गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्यावर.

पावसाळ्यात लोणावळ्यात धुकं असतंच. ते फारसं आड यायचं नाही, कारण रूळ केबिनला अगदी लागून होते. आड यायची ती काच. थंड पाण्याचा तांब्या दमट हवेत बाहेरून ओला होतो ना, तसंच हे. बाहेरच्या पावसाने काच गार, आत माणसांचा श्वास, चहाची किटली आणि भिजलेली घोंगडी. आतली ओली हवा काचेला लागली की तिचं पाणी होतं. फडक्याने पुसलं तरी दोन मिनिटांत काच पुन्हा दुधासारखी पांढरी.

"साहेब, खिडकी उघडून बघू द्या ना त्यांना," असं मी सुरुवातीलाच म्हणून पाहिलं होतं.

"मागच्या पावसाळ्यात पाणी आत येऊन लाइन क्लिअरचं यंत्र बंद पडलं. खिडक्यांना खिळे मारलेत ते उगाच नाही."

"मग निदान दारातून बघू दे."

"दार बाजाराच्या बाजूला आहे, फोरमन. तिकडे काय दिसणार?"

हे मात्र खरं होतं. केबिन बांधणाऱ्याने जिना आणि दार नेमकं रुळांकडे पाठ करून काढलं होतं. कोणी आणि का, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

केबिनवर तिघंजण पाळीने असायचे. त्यातल्या दोघांनी सोपा मार्ग काढला होता. दिसो न दिसो, 'दिसला' म्हणायचं. तिसरे गेनूभाऊ. लोहगडवाडीचे, पन्नाशी ओलांडलेले, गुडघ्याने अधू झालेले. त्यांना दिसला नाही तर ते सरळ सांगायचे, 'न्हाई दिसला.' मग स्टेशनातून माणूस पावसात गाडीच्या शेपटीपर्यंत चालत जाणार, दिवा बघून येणार, आणि तोवर मागची गाडी खोळंबणार. महिन्याभरातले असे सगळे खोळंबे एकट्या गेनूभाऊंच्या नावावर लागले. साहेबांनी त्यांना कागद दिला. आणखी एक खोळंबा झाला तर केबिनमधून काढून गँगमध्ये, म्हणजे घाटात रुळांखाली खडी ठोकायला. त्या गुडघ्यावर ते एक पावसाळासुद्धा काढू शकले नसते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, बाकीचे म्हणतात तसं तुम्हीही म्हणून टाका की."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "न बगता बगितलं म्हनू व्हय, फोरमनसायब? मागल्या गाडीत बी मानसंच असत्यात न्हवं?"

मी तारेच्या मागे लागलो.

विजेच्या शेगडीत असते तसली बारीक तार घेतली. दोन काचांच्या मध्ये, चिनी मातीच्या गुंड्यांवरून ती आडवी खेळवली. करंट सोडला की तार तापते आणि काचेला ऊब देते. माझी चूक अशी झाली की ऊब जास्त दिली. आतून कढत, बाहेरून घाटाचा गार पाऊस, काच किती सोसणार? दोन काचा गेल्या तेव्हा अक्कल आली. मग तारेच्या वाटेत दोन बल्ब एकामागे एक जोडले, म्हणजे करंट आपोआप कमी झाला. तिसरी काच टिकली. शनिवारपर्यंत रुळांकडच्या तिन्ही खिडक्या झाल्या.

गेनूभाऊंनी काचेला तळवा लावला. "म्हशीच्या पाठीवानी ऊन हाय," म्हणाले. बाहेर मुसळधार पाऊस, आणि काचेवर वाफेचा टिपूस नाही. मला माझाच अभिमान वाटला. तो चार दिवस टिकला.

बुधवारी दुपारी साहेब तपासणीला आले. मी पुढे, साहेब मागे, असे आम्ही जिना चढलो. दार उघडलं आणि मला काच दिसेना. तिन्ही खिडक्यांवर कपडे होते. धोतरं, बंड्या, दोन घोंगडी, कुणाची तरी टोपी. खालच्या फळीवर काड्यापेट्या आणि विड्या पसरलेल्या. ओल्या घोंगड्यांची वाफ उठून उरलीसुरली काच पार पांढरी झाली होती. लोणावळ्याच्या श्रावणात पंधरा पंधरा दिवस कपडा वाळत नाही. तिथे मी सरकारी विजेवर ऊबदार भिंत उभी करून दिली होती, आणि अर्ध्या यार्डाने तिचा उपयोग केला होता. माझं डोकंच फिरलं. आठ दिवस खपून मी दोरी बांधली होती, कपडे वाळत घालायची.

"हे काय आहे?" साहेब कडाडले. "गेनू, काच यासाठी करून दिली का?"

गेनूभाऊ घोंगडी ओढून काढत होते. "म्या आत्ताच पाळीवर आलोय, सायब. ही सकाळच्या पाळीची न् गँगवाल्यांची. माजी न्हाईत." आणि खरंच, त्यांचं धोतर अंगावरच होतं, गुडघ्यापर्यंत निथळत.

"मग हे कोणाचं?" साहेबांनी कोपऱ्यातले लोकरीचे लांब मोजे काठीने उचलले.

"त्ये आपलंच हायत. रेस्ट हाउसचा खानसामा ठिवून गेला. म्हनला, सायबाचं पाय गार पडत्यात."

साहेबांनी मोजे खाली ठेवले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, पण खिडकीवर अजून धोतर होतं.

तेवढ्यात घंटी वाजली. मालगाडी घाट चढून येत होती आणि तिच्या मागे पॅसेंजर सुटायची होती. आम्ही तिघांनी मिळून कपडे ओरबाडून काढले. वाफ हळूहळू उतरली आणि गाडी येईपर्यंत तिन्ही काचा लख्ख झाल्या. गाडी खालून गेली, डब्यामागून डबा.

"दिसला दिवा," साहेब म्हणाले. "द्या लाइन क्लिअर."

गेनूभाऊंनी यंत्राला हात लावला नाही. "न्हाई, सायब."

"आता काच स्वच्छ आहे. आता कसलं निमित्त?"

"काच सोच्छ हाय म्हनूनच सांगतो. आदी 'दिसला न्हाई' म्हनायचो. आता म्हनतो, दिवा न्हवता."

साहेब माझ्याकडे वळले. "फोरमन, तुम्ही बघितलात ना?"

मी माझ्या काचेकडेच बघत होतो, ती कशी लख्ख झाली ते. गाडीकडे माझं लक्षच नव्हतं. तसं सांगून टाकलं.

"गेनू, कागद ठाऊक आहे ना?" साहेबांचा आवाज खाली आला होता.

"ठावं हाय." गेनूभाऊंनी फोन उचलून स्टेशनला गाडीची शेपटी बघायला सांगितलं. मागची पॅसेंजर खोळंबली. फार वेळाने फोन वाजला तो साहेबांनीच घेतला. ऐकलं, 'बरं' म्हणाले, आणि ठेवला.

गाडी पूर्ण आली होती. गार्ड आपल्या डब्यात होता. पण डब्यामागचा दिवा पावसाने विझला होता.

साहेबांनी स्वतः मान डोलावली, तेव्हा गेनूभाऊंनी लाइन क्लिअर दिली. मग मोज्यांची नीट घडी घालून साहेबांपुढे धरली. "वाळल्यात," म्हणाले.

तो कागद पुन्हा कोणी काढला नाही. मागे घेतल्याचंही कोणी कळवलं नाही, ती पद्धत नव्हती. केबिनमध्ये मात्र हुकूम लागला, की काचेवर कपडे घालू नयेत. त्याचा उपयोग शून्य झाला. शेवटी उरलेल्या तारेची एक तापणारी जाळी करून मी कपडे वाळवायला जिन्याखाली लाकडी चौकटीत बसवली, कोणालाही न विचारता. त्या दिवसापासून काचेवर एक चिंधीही दिसली नाही, आणि बाकीचे दोघंही दिवा बघून बोलायला लागले. बघता येत असल्यावर खोटं बोलायचे कष्ट कोण घेतो?

पुढे नोकरीत आणखी दोनदा गरम काचेचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही वेळा तिथल्या साहेबांनी कामाचा नकाशा पुढे केला, आणि मी आधी विचारलं, "इथली माणसं ओले कपडे कुठे वाळत घालतात?" दोन्ही साहेब माझ्याकडे वेड्यासारखे बघत राहिले. मी उत्तर मिळेपर्यंत नकाशा उघडला नाही.