जुन्या नियमाने पास

गिरगावातल्या चाळीत माझ्या खोलीत राहणारा सोबती हुशार होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. संस्कृत श्लोक एकदा ऐकला की त्याच्या तोंडी बसे. पण भूमितीचा त्रिकोण पाहिला की तो पुस्तक मिटून ठेवी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाअखेर प्रीव्हियस नावाची परीक्षा असे आणि तिचा कायदा असा, की एका विषयात नापास झालात तर सगळेच विषय पुन्हा. पहिल्या वेळी हा गणितात गेला. दुसऱ्या वेळी गणित घोकघोकून त्यात तरला, तर इतिहासात बुडाला. तिसऱ्या वेळी पुन्हा गणित. एक भोक बुजवावं तर दुसरीकडून पाणी, अशी त्या होडीची गत होती.

त्याचे काका परळच्या एका गिरणीत कारकून होते. त्याच्या शिक्षणाचा खर्च तेच करत होते. तिसऱ्या निकालानंतर ते चाळीत आले, पान जमवलं आणि शांतपणे म्हणाले, "आता पुरे झालं. आमच्या टाइमकीपरच्या हाताखाली जागा आहे. पुढल्या महिन्यापासून ये." त्यांचं काही चुकत नव्हतं. सोबती "बरं" म्हणाला आणि पुस्तकं पोत्यात भरू लागला. मला मात्र ते पोतं बघवेना.

मी नुकताच बी. ए. होऊन त्याच कॉलेजात फेलो झालो होतो. फेलो म्हणजे खालच्या वर्गाला शिकवायचं आणि प्रोफेसर सांगतील ते लिहून घ्यायचं. त्याच सुमारास युनिव्हर्सिटीने पदवीचा अभ्यासक्रम आणि परीक्षांचे नियम सुधारायला काढले होते आणि कॉलेजांची मतं मागवली होती. आमचं मत तीन प्रोफेसरांनी ठरवायचं होतं: संस्कृतचे म्हातारे शास्त्रीबुवा, एक गणिताचे आणि एक इतिहासाचे. रविवारी शास्त्रीबुवांच्या माडीवर बैठक भरली. कोणता ग्रंथ काढावा आणि कोणता घालावा यावर अख्खी दुपार गेली, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या विषयातलंच काढायचं होतं. 'सगळे विषय पुन्हा' या कलमावर मात्र तिघांचं चटकन एकमत झालं.

"आहे तेच ठीक आहे," गणिताचे प्रोफेसर म्हणाले. "पदवी म्हणजे काय खिरापत आहे?"

मी टिपणं घेत होतो. मला बोलायचा अधिकार नव्हता. पण डोळ्यांपुढे ते पोतं होतं, आणि तोंडून निघून गेलं, "मग एकदा आपणच बसून पाहावं."

गणिताच्या प्रोफेसरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी नोकरी गेलीच म्हणून मी समजलो. पण शास्त्रीबुवा जितके हट्टी तितकेच खेळकर. ते म्हणाले, "बसू की. पुढल्या रविवारी बसू. पोरांना बसवतो, मग आपल्यालाच काय धाड भरली आहे?"

आणि खरंच बसले. प्रश्न आदल्या परीक्षेचेच घेतले. ज्याने त्याने आपल्या विषयात इतर दोघांना तपासायचं ठरलं. शास्त्रीबुवा पगडी उतरवून पाटावर बसले, गणिताचे खिडकीशी, आणि इतिहासाचे भिंतीकडे तोंड करून, कारण ते शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात अशी तक्रार आली. शास्त्रीबुवांनी भूमितीच्या पेपरात एक सुबक त्रिकोण काढला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. ऊन उतरलं तरी त्रिकोण होता तसाच होता. इतकी करमणूक मला नाटकातही कधी झाली नाही, आणि हसायची तर सोय नव्हती.

निकाल लागला. शास्त्रीबुवा आणि इतिहासाचे गणितात गेले, गणिताचे संस्कृतात गेले. तिघेही नापास.

"म्हणजे कायद्याप्रमाणे," मी भीत भीत म्हणालो, "शास्त्रीबुवांना पुन्हा संस्कृताला बसावं लागेल."

शास्त्रीबुवा इतके हसले की ठसका लागून आतून पाणी आणावं लागलं. मग त्यांनीच कागद पुढे ओढून लिहिलं, की ज्या विषयात विद्यार्थी एकदा पास झाला तो त्याला पुन्हा मागू नये. गणिताच्या प्रोफेसरांनीही सही केली, पण या गोष्टीचा बभ्रा होता कामा नये अशी अट घातली. इतक्या वर्षांनी ती अट मोडायला हरकत नसावी.

मी धावतच खोलीवर आलो. "पोतं सोड. नियम बदलतोय."

"कशाला रे मला आशेला लावतोस?" सोबती म्हणाला. "काकांना काय सांगू?"

"त्यांना मी सांगतो."

परळला जाऊन मी काकांकडे आणखी एक वर्ष मागितलं. त्यांनी विचारलं, "नियम नक्की बदलणार ना?" मी म्हणालो, "नक्की." खरं तर आमची नुसती शिफारस गेली होती. ती पुढे या कमिटीकडून त्या कमिटीकडे फिरत राहिली. परीक्षा आली, पण नियम काही आला नाही.  सोबती पुन्हा सगळ्या विषयांना बसला, आणि सगळ्या विषयांत पास झाला. त्या संध्याकाळी आम्ही चौपाटीवर चणे खात बसलो. स्वतःच्या निकालाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

पुढच्या साली नियम बदलला, आणि त्यावर सर्वांत जास्त कोणी चिडावं, तर हाच. "आता काय, कुणीही सोम्यागोम्या पास होईल!"

"अरे, तुझ्यासाठीच केला तो."

"मग वेळेवर करायचा होतास."

यथावकाश तो बी. ए. झाला, दादरच्या शाळेत मास्तर झाला आणि बिऱ्हाडाच्या दारावर त्याने पाटी रंगवून घेतली. नावाखाली लिहिलं होतं: 'बी. ए., प्रीव्हियस जुन्या नियमाने पास'. येणारे-जाणारे ती वाचून हसत. एकदा मी म्हटलं, "ती शेपटी पुसून टाक बाबा आता."

धोतराच्या सोग्याने तो पाटीवरची धूळ झटकत होता. म्हणाला, "नुसतं बी. ए. माझं एकट्याचं. पण जुन्या नियमाचं ते वर्ष तू काकांकडून मागून आणलंस, तेही थाप मारून. ते मी दुसरीकडे कुठे लिहू?"