पंपबाईंच्या तीन शांतता

पाण्याच्या पंपांची रशियन माहितीपत्रकं बावीस वर्षं इंग्रजीत उतरवल्यामुळे ऑफिसात तिला सगळे पंपबाई म्हणत. त्या पत्रकांवर कंपनीचं नाव असे, स्क्रूचं मापसुद्धा असे, भाषांतर करणारीचं नाव मात्र कुठेच नसे. म्हणून एका रशियन कादंबरीची नमुन्याची चार पानं हाती आली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

पण केलेली पानं परत आली. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "लेखिकेने तीन निराळे शब्द वापरलेत, तुम्ही तिन्हीकडे 'क्वायट' घातलंय. पाचपर्यंत नीट करून द्या, नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

हाडात मुरलेली सवय, दुसरं काय! पंपाच्या कामात एकदा झडप म्हटलं की शेवटच्या पानापर्यंत झडपच. शब्द बदलला तर मेकॅनिक भलताच भाग खोलून बसायचा.

तिने घरात फर्मान काढलं, "पाचपर्यंत कुणी आवाज करायचा नाही." नवरा पुढच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करी. त्याने निमूटपणे मोटर बंद केली, तर भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. ही तिशिना, लेखिकेचा पहिला रशियन शब्द, आवाज थांबल्यावरची शांतता. तिने 'सायलेन्स' लिहिलं.

सासूबाई तोंडावर हात ठेवून बसल्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. दहा मिनिटांत चेहरा लालबुंद झाला. पंपबाईला हसू आवरेना. कादंबरीत दोन गोळीबारांच्या मधला वेळ होता तो हाच की! झातिश्ये, पुढच्या धडाक्याआधीची उसंत. तिथे इंग्रजी 'लल' (lull) लिहून ती म्हणाली, "आई, बोला आता."

"काही नाही गं, मीठ संपलंय," सासूबाई म्हणाल्या. मग शेजारणीच्या जावयापर्यंत सगळं सांगून झालं आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

कपाळावर एक आठी नव्हती. खाली रस्त्यावर हॉर्न बोंबलत होते, त्यांना पत्ता नव्हता. पकोय म्हणजे हेच, बाहेर काहीही चालू दे, जीव निवांत. तिथे 'पीस' लिहून तिने पानं धाडली.

साडेपाचला फोन आला. "पुस्तक तुमचंच. मुखपृष्ठावर नाव कसं घालू?"

"नाव? मुखपृष्ठावर?" ती ओरडलीच. जाग्या झालेल्या सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि सुनेचं नाव, माहेरच्या आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दोनदा.