मागच्या खोलीतलं इंग्रजी

“दाखव,” वन्सं म्हणाल्या.

माझी सून मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. समोर अंगणात खुर्च्या टाकून तिघं बसली होती: माझा नवरा, माझा मुलगा आणि नानाखेड्याहून वन्संनी मुद्दाम बोलावून घेतलेली त्यांची लांबची जाऊ. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्या तेवढ्या उभ्या होत्या. भर दुपार होती.

“काय दाखवू, आत्याबाई?”

“कपडा दाखव. बाहेरची बसली आहेस ना? मग दाखव. पंधरवड्यापूर्वी बसलीस, आज परत बसलीस. रोग आहे का नाटक आहे, ते आम्हाला कळू दे.”

डाग दिसला असता तर सून रोगी ठरली असती. नसता दिसला तर खोटारडी. दोन्हीचा निकाल वन्संनी आधीच लावून ठेवला होता. तिला संध्याकाळच्या गाडीने माहेरी पाठवायचं. आणि रविवारी तिची बँकेची परीक्षा होती.

माझा नवरा फरशीकडे बघत होता. मुलगा खुर्चीवरून उठला नाही. बायकोला म्हणाला, “दाखवून टाक ना यार. किस्सा खतम कर.”

मी कणीक मळत होते. तशीच बाहेर आले आणि मुलाच्या कानफटात दिली. त्याच्या मिशीला कणीक लागली. लग्न झालेला, तीस वर्षांचा मुलगा. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

“तिला काही झालेलं नाही,” मी म्हणाले. “मी बसवलंय तिला. अभ्यासाला.”

हे असं का करावं लागलं ते सांगते.

आमचं घर उज्जैनच्या माधव नगरला. घर सासऱ्यांचं. वन्सं तरुणपणी विधवा होऊन परत आल्या त्या इथेच राहिल्या, आणि सोवळं त्यांच्या हातात गेलं. सोवळं ज्याच्या हातात, घर त्याच्या हातात. आमच्याकडे पाळी आली की बाईने मागच्या खोलीत बसायचं. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. स्वयंपाकघरात यायचं नाही, देवाकडे बघायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाळी जाईपर्यंत हेच केलं. शेजारच्या घरांतून ते केव्हाच सुटलं होतं. आमच्याकडे वन्सं होत्या.

मुलगा मिलच्या ऑफिसात होता. मिल बंद पडली. त्या वर्षांत सगळे म्हणत होते की देश आता उघडा झाला, बाहेरच्या कंपन्या येणार, नोकऱ्या येणार. आमच्या घरात आली ती केबल. मुलगा दिवसभर पलंगावर पडून परदेशातल्या मॅची बघायचा आणि संध्याकाळी टावर चौकात पोहे खात उभा राहायचा. सासऱ्यांच्या घराचं छप्पर आणि ह्यांची पेन्शन, यावर सगळं चालायचं.

सून शिकलेली होती. बी.ए., हिंदी मीडियम. तिनेच सांगितलं, “आई, बँकेची जागा निघालीय. हिशोब जमेल मला. इंग्रजीच जड आहे.” परीक्षेत इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारत, उलटे अर्थ विचारत, आणि मोठमोठे उतारे देऊन त्यावर प्रश्न. तिने टावर चौकातल्या एका कोचिंगमध्ये नाव घातलं. वन्सं दुपारी झोपत, त्या तासात जाऊन यायची. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “रोज दो पैसेज, पचास शब्द. नहीं तो घर बैठो, रोटी बनाओ.”

रोटी तर ती बनवतच होती. सकाळी पाणी भरणं, वन्संचा वेगळा स्वयंपाक, आमचा वेगळा, भांडी, कपडे, संध्याकाळी पुन्हा तेच. वन्संना ती पुस्तक घेऊन बसलेली दिसली की काम आठवायचं. डाळ निवडायची राहिली, पितळेची भांडी काळी पडली, लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेव. पुस्तक उघडलं की हाक आलीच.

मग तिची पाळी आली आणि ती तीन दिवस मागच्या खोलीत बसली. कोणी हाक मारली नाही. मारून उपयोग काय, हात लावून चालत नव्हता. तीन दिवसांत तिने इतके शब्द पाठ केले की तेवढे मागच्या महिन्याभरात झाले नव्हते. चौथ्या दिवशी न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. आमच्या घरात त्या खोलीतून कोणी बाई हसत बाहेर आलेली मी तोवर बघितली नव्हती.

वन्संना पुस्तक खटकलं. म्हणाल्या, “या दिवसांत पुस्तकाला शिवायचं नसतं. सरस्वती असते ती.”

“ते इंग्रजी आहे, वन्सं,” मी म्हणाले. “सरस्वतीला इंग्रजी कुठे येतं?”

त्या देवघरात गेल्या.

पुढच्या पंधरवड्यात मीच सुनेला म्हणाले, “आज बस बाजूला.”

“आई, पण मला काही...”

“सांगेन मी. तू फक्त आत जा आणि बस.”

“आत्याबाईंना कळलं तर?”

“तुझी पाळी तुझ्याशिवाय कोणाला कळते? जा.”

ती गेली. तिचं सगळं काम मी केलं. पाठ मोडली माझी, पण मजा आली हेही सांगते. इतकी वर्षं ज्या खोलीत मला कोंडून ठेवलं होतं, ती पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाला आली.

मग तसंच चाललं. महिन्यातून एकदा खरं, एकदा माझं. मी उंबऱ्याच्या अलीकडे भाजी चिरत बसायचे, ती पलीकडे मोठ्याने शब्द म्हणायची. मी हिंदी शाळेत चौथीपर्यंत शिकले. इंग्रजीतलं मला ओ की ठो कळत नाही. बरोबर की चूक तेही कळायचं नाही. ती अडखळली की मी “परत” म्हणायचे, एवढंच. पण उतारे मात्र मी तिच्याकडून अर्थ लावून ऐकायचे. कुठले बर्फातले पक्षी, कुठल्या राणीचा राजवाडा, कोणाची मोटारींची कंपनी. आमच्या उज्जैनच्या पोरीने त्या राणीचं काय करायचं होतं, मला समजलं नाही.

एकदा एक उतारा असा होता की जुने कारखाने बंद पडले तरी चिंता करू नये, माणसं दुसरं काम शोधतात आणि पुढे सगळ्यांचंच भलं होतं.

“साफ खोटं,” मी म्हणाले. “तो बघ, पलंगावर पडलाय भला झालेला.”

ती हसली. “आई, आपल्याला काय माहीत आहे ते विचारत नाहीत. उताऱ्यात काय लिहिलंय ते विचारतात. खूण त्यालाच करायची.”

“आणि ते चुकीचं असलं तर?”

“तरी त्यालाच. सर म्हणतात, अपनी अकल घर पे छोड के आओ.”

“मग तुला सोपंच आहे की,” मी म्हणाले. “तू या घरात रोज तेच करतेस.”

या वेळेस ती हसली नाही. मान खाली घालून वाचत राहिली.

वन्संना संशय येईल, हे मी धरून चालले होते. पण त्यांना आधी संशय खोटेपणाचा आला नाही, रोगाचा आला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यांनी सगळं जोडलं. सारखी बसते, म्हणजे आत काहीतरी बिघाड आहे, म्हणून मूल नाही, होणारही नाही. मला एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या मुलाच्या कानात घातलं. त्या नानाखेड्याच्या जाऊला सांगितलं, आणि जाऊबाईंच्या बहिणीची एक मुलगी लग्नाची होती. इथवर गोष्ट गेली होती आणि मला पत्ता नव्हता. मुलाला होता. महिनाभर तो रोज आमच्या हातचं जेवत होता आणि गप्प होता. एकदाही बायकोला विचारलं नाही की तुला काय होतंय, डॉक्टरकडे जाऊ या का. रोग असता तर त्याला बरंच झालं असतं.

आता त्या दुपारचं. मी अभ्यासाचं सांगितलं तेव्हा वन्संचा चेहरा पांढरा पडला.

“खोटं बोललीस? देवाधर्माच्या घरात?”

“बोलले. पण ती बाहेरची नसताना बाजूला बसली, वन्सं. तुमचं सोवळं मोडलं कुठे? दुप्पट पाळलं गेलं.”

नानाखेड्याची जाऊ फिस्सकन हसली आणि मग खोकला आल्यासारखं केलं. वन्सं आणखी भडकल्या.

“सुनेला बँकेत बसवून तिच्या जिवावर खाणार तू?”

“खाईन. मुलाच्या जिवावर काही मिळेना.”

“आई!” मुलगा ओरडला.

“तू बोलू नकोस. चार माणसांत बायकोला काय दाखव म्हणालास, ते आधी स्वतःला सांग. समजत नसेल तर तुझ्या ह्या मावशीला दाखव म्हण. बघ ती दाखवते का.”

जाऊबाई उठल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, “मला कशाला ओढता मध्ये? मला काय माहीत होतं!” त्यांना सगळं माहीत होतं. मी त्यांना चहा विचारला नाही.

सून अजून उंबऱ्यातच होती. रडत नव्हती. पदर दोन्ही हातांनी गच्च धरून उभी होती. मी तिला आत नेलं आणि दार लावलं. ती एवढंच म्हणाली, “आई, हे काहीच बोलले नाहीत हो. बोलले तेही...”

वन्संनी जाहीर केलं की आमच्या दोघींच्या हातचं पाणी घेणार नाही. मी म्हणाले, नका घेऊ. त्यांना रॉकेलचा स्टोव्ह दिला आणि त्यांच्या खोलीत मांडून दिला. ह्यांनी तेव्हा तोंड उघडलं. म्हणाले, “एवढं ताणायला नको होतं.” मी विचारलं, “कोणी ताणलं?” आयुष्यभर गप्प राहून हे गृहस्थ भले माणूस म्हणवून घेत होते.

रविवारी परीक्षा इंदूरला होती. मुलगा रुसून बसला होता, म्हणून मी गेले. शाळेच्या फाटकाबाहेर मुलींचे बाप, भाऊ, नवरे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. मी त्यांच्यात पिशवी मांडीवर घेऊन बसले. ती बाहेर आली तेव्हा मी तोंडावरूनच ओळखलं.

“शब्द आले, आई. हिशोब सगळा झाला. उतारे राहिले. वाचायला लागले की ओळी पुढे सरकत नव्हत्या. ते अंगणच दिसत होतं.”

निकाल लागला तेव्हा ती इंग्रजीत राहिली होती. थोडक्यात राहिली असं कोचिंगचे सर म्हणाले. थोडक्यात म्हणजे त्या एका दुपारएवढं. पोरीला उंबऱ्यात उभं करून जे मागू नये ते मागायचं, आणि चारच दिवसांनी तिला विचारायचं की लेखकाच्या मते राणी दयाळू होती का. मला त्या परीक्षेचाही राग आहे.

त्यानंतर मी लपवाछपवी बंद केली. टीव्ही उचलून मुलाकडूनच वन्संच्या खोलीत ठेववला आणि पुढच्या खोलीत त्या जागी टेबल मांडलं. सून उघड्यावर बसून अभ्यास करू लागली. मागच्या खोलीत कोळसे आणि जुने डबे भरले. तिची पाळी कधी आली, कधी गेली, त्यानंतर मी विचारलं नाही आणि दुसऱ्या कोणाची विचारायची हिंमत झाली नाही. वन्सं दारातून जाता-येता म्हणायच्या, “बाटलं सगळं घर.” मी म्हणायचे, “हो, बाटलं. जेवून घ्या.”

पुढच्या खेपेला ती पास झाली. आगर गावाच्या बाजूला एका खेड्यातल्या शाखेत लागली. पहाटेची बस पकडून जायची, दिवेलागणीला परत. नंतर दोन मुलंही झाली, तिच्या सवडीने. तिच्या पगारावर माझा मुलगा उभा राहिला, दुकान टाकलं, ते बरं चाललं. वन्संच्या शेवटच्या आजारात औषधं तिनेच आणली. वन्संनी ती घेतली. माफी मागितली नाही. मुलाने तर आजतागायत मागितलेली नाही.

मागच्या वर्षी ती मॅनेजर झाली म्हणून आपल्या मराठी लोकांनी हॉलमध्ये तिचा सत्कार केला. शाल, नारळ, हार. माझा मुलगा स्टेजवर गेला आणि माईक घेऊन म्हणाला, “तो काळ जुन्या विचारांचा होता. पण आम्ही घरच्यांनी तिला पूर्ण साथ दिली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सून समोर बघत बसली होती. चेहऱ्यावर काही नाही. मी पहिल्या रांगेत होते. गुडघे धरले होते म्हणून उठले नाही, नाहीतर माझ्या ऐंशीव्या वर्षी त्याला दुसरी खावी लागली असती.

काळ कसला? काळाने कपडा मागितला नव्हता. माझ्या नणंदेने मागितला, माझ्या मुलाने दे म्हटलं आणि माझ्या नवऱ्याने फरशी बघितली. आणि साथ दिली म्हणून माझंही नाव कोणी घेऊ नये. मी कणकेच्या हातांनी धावत आले ते दाखव म्हटल्यानंतर. तोवर ते ऐकून झालं होतं. ऐकणारी मी नव्हते.

ऐकणारी माझी सून होती. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.