तीन कोटेशनं आणि एक अडॅप्टर

आमच्या घरात कोथिंबीरसुद्धा तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय येत नाही. मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आहे आणि आयुष्यभर खरेदीच्या फायली हाताळून ही सवय हाडीमासी खिळली आहे. माझी बायको रजनी याला सवय म्हणत नाही. आजार म्हणते.

गेल्या बुद्धपौर्णिमेला या आजाराने भलतंच डोकं वर काढलं. बाबा नुकतेच नागपूर सोडून आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. नागपुरात त्यांच्या दारातली रोषणाई बघायला अख्खी वस्ती लोटायची. दिल्लीत त्यांना ओळखणारा फक्त दूधवाला! म्हणून माझ्या ओळखीच्या इथल्या आपल्या सगळ्या मंडळींना त्यांनी स्वतः फोन करून वंदनेला आणि खिरीला बोलावलं. आठवडाभर बसून पातळ सोनेरी कागदाची पिंपळपानं कापली, त्यांवर शिरा उमटवल्या, नागपूरहून आणलेल्या माळेच्या एकेका दिव्यावर एकेक पान बांधलं आणि माळ बाल्कनीत चढवली. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बटण दाबलं. काही नाही!

"पप्पा, अडॅप्टर गया," प्रज्ञाने निकाल दिला. (आमची कन्या. नववीत आहे आणि विजेच्या बाबतीत मी तोंड उघडायच्या आत तिचं मत तयार असतं.)

अडॅप्टर म्हणजे प्लगाजवळचा तो काळा डबा, जो घरातली वीज कमी करून माळेला देतो.

"त्यात काय, नवा आणू!" मी म्हणालो.

"किती व्होल्टचा?" रजनीने विचारलं.

ते डब्यावर लिहिलेलं असतं, एवढं ज्ञान मला होतं. मी डबा उलटा केला. तिथे बाबांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी घट्ट चिकटलेली: 'बुद्धपौर्णिमेची माळ. हात लावू नये.' (बाबा प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावतात. आमच्या फ्रिजवर 'फ्रिज' असं लिहिलेलं आहे.) मी चिठ्ठी खरवडली, तर खालची छापील अक्षरंही तिच्याबरोबर निघून आली.

"काऊन रे, मिळेल ना?" बाबांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण नजर माळेवरून हलत नव्हती. मला कसंतरीच झालं.

"मिळेल म्हणजे काय! आत्ता आणतो."

"माळ काढून सोबत ने," रजनी म्हणाली. "दुकानदार लावून बघेल."

सोपं काम मी इतक्या सोप्या रीतीने केलं असतं, तर सरकारी नोकरीत टिकलोच नसतो! "पानं फाटतील," असं सांगून मी डब्याचा चिठ्ठीआधीचा एखादा जुना फोटो बाबांच्या मोबाइलवर शोधू लागलो. सापडला तो चिठ्ठीनंतरचा. डबा घरीच ठेवून तोच फोटो घेऊन निघालो.

मार्केटात कपड्यांचे ढीग ओलांडत, दोनदा टी-शर्ट नाकारत, विजेच्या सामानाच्या दुकानांपर्यंत पोचलो.

"कितने वोल्ट का?" पहिल्याने विचारलं.

"वो अभी तय होना है।"

त्याने फोटो मोठा करून पाहिला. "ये क्या लिखा है?"

"हाथ मत लगाना।"

"तो मैंने कहाँ लगाया, भाईसाहब?"

तरीही बिचाऱ्याने एक अडॅप्टर काढून भाव सांगितला. मी तो टिपून घेतला आणि "अभी दो जगह और पूछना है" म्हणून पुढे सरकलो. दुसऱ्याने दुसराच काढला. तिसरा तर वैतागलाच, "पहले लाइट लेके आओ, यार!" मी शांतपणे म्हणालो, "आप सिर्फ रेट दीजिए।"

मग छोले-कुलचेवाल्याच्या गाडीला टेकून मी तौलनिक तक्ता मांडला. वस्तू: अडॅप्टर. रंग: काळा. नग: एक. तिन्ही दुकानं पात्र! एक नऊ व्होल्टचा, एक बाराचा, एक चोवीसचा, असा किरकोळ फरक होता, तो मी शेऱ्याच्या रकान्यात टाकला. सगळ्यात स्वस्त नऊचा होता. नियम म्हणजे नियम!

रजनीचा फोन आला. "मिळाला?"

"मंजूर झाला."

"अहो, मिळाला का ते सांगा!"

घरी येऊन जोडला. पिन चपखल बसली. बटण दाबलं. माळ लागली. म्हणजे, लागली असं प्रज्ञा दिव्याला नाक लावून म्हणाली, "पप्पा, जल तो रही है... थोडीशी." बाल्कनीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात पानं निव्वळ कागदाची दिसत होती. बाबांनी एक वाकडं पान सरळ केलं आणि पांढरे कपडे घालायला आत गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. परत बाजारात पळावं, तर जिन्यात पाहुण्यांचे आवाज येऊ लागले होते.

रजनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्यूबलाइट बंद केली. मग खोलीतलेही दिवे बंद केले.

आणि ती पानं उजळली! मंद, सोनेरी, एकेका पानाची शीर दिसावी अशी. मोठमोठ्याने बोलत वर आलेली मंडळी दारातच आपोआप हळू आवाजात बोलू लागली. त्या उजेडात वंदना झाली. सगळ्यांत पुढे बाबांचा खणखणीत आवाज होता, थेट नागपूरचा. मला फार बरं वाटलं.

खिरीच्या वेळी मेश्रामकाका उठले. हे निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कोणाच्याही घरी गेले की आधी स्विचबोर्ड बघतात, मग यजमान. त्यांनी अडॅप्टर वाचला. मग माळेच्या टोकाची एक बारीक पट्टी शोधून तीही वाचली. (तिथे लिहिलेलं होतं! माळेवरच!)

"माळ बाराची, आणि पुरवठा नऊचा?"

माझा चमचा वाटीतच थांबला.

"वा! मुद्दाम कमी ठेवलाय. डोळ्यांना त्रास नाही, दिवे तापत नाहीत, माळ वर्षानुवर्षं टिकेल. हे डोकं कोणाचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"आमच्या पोराचं," ते म्हणाले. "बाजार पालथा घालून निवडलाय त्यानं!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रजनीने तोंडाला पदर लावला. न केलेल्या कामाचं श्रेय अंगावर आलं की काय करायचं, हे सरकारी माणसाला शिकवावं लागत नाही. मी मान किंचित खाली घातली आणि नम्रपणे म्हणालो, "विशेष काही नाही काका, थोडा अभ्यास केला होता."