फाउस्तीनोचं नाक आणि तीस पेट्या

गार्दोनेच्या खोऱ्यात बंदुका घडवणारा घरटी एक सापडेल. पण लष्कराने मोडीत काढलेल्या रायफलींचा आख्खा लॉट घेण्यात राम आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच होता, आणि तो ते नाकाने सांगायचा. फाउस्तीनो बेर्तूसी. वय एकाहत्तर, अंगात बारा महिने तेच तपकिरी जाकीट, आणि नाक एवढं की दारातून आधी ते आत यायचं आणि मग सावकाश फाउस्तीनो.

लष्करी कोठारांचा रिवाज असा, की सौद्याआधी गिऱ्हाइकाने एकच पेटी उघडायची. कुठली, ते त्याचं त्याने ठरवावं. आत बंदुका पिवळ्या ग्रीसमध्ये बरबटलेल्या. त्या पुसून बघायच्या नाहीत, नळीत काही घालायचं नाही. नुसतं बघायचं आणि हो की नाही ते सांगायचं. हो म्हटलं की सगळ्या पेट्या तुमच्या गळ्यात, नाही म्हटलं की मागे उभा असेल त्याची पाळी. दुसरे लोक भिंग आणत, बॅटऱ्या आणत, आणि तरीही वर्षाला दोघे-तिघे बुडत. फाउस्तीनो पेटीवर वाकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

मग त्याची तंद्री लागायची. ग्रीसचा वास बाजूला सारून तो आत उतरायचा. तिथे बर्फातली चौकी असायची, तिच्यावर उभा असलेला, कांदे खाणारा एखादा शेतकऱ्याचा पोरगा असायचा, जो रोज रात्री अमोनियाच्या पाण्याने नळी धुवायचा, म्हणजे आतून गंज नाही. कधी समुद्र असायचा, आणि मग फाउस्तीनो नाक मुरडून म्हणायचा, "नको. खारं पाणी प्यायल्यात या." कधी बंदुकीच्या दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला गोडसर पिठासारखा वास यायचा, म्हणजे आत कीड. कांदे खाणारा तो पोरगा खरा होता की नाही हे कोण पडताळणार? पण नळ्या तो म्हणाला तशाच निघायच्या. चाळीस वर्षांत त्याचा शब्द खाली पडला नव्हता. आणि त्याला स्वतःला विचाराल, तर नळ्यांपेक्षा त्या पोरांचीच ओढ जास्त होती. कुणाच्या तरी न पाहिलेल्या आयुष्यात घटकाभर जाऊन यायचं आणि वर त्याचे पैसे मिळायचे. याहून चैन ती काय?

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत त्याला ताप आला. नऊ दिवसांनी ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. चुलीवरचा मक्याचा पोलेंटा करपून घरभर धूर झाला तरी हा चुलीशेजारी आरामात बसून! तेव्हा त्याचं त्यालाच कळलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. तो मेल्ला नदीच्या काठी जाऊन बसायचा, मूठभर ओली माती नाकाशी धरायचा आणि टाकून द्यायचा. माणसं दिसत होती, ऐकू येत होती, पण सगळी काचेपलीकडे असल्यासारखी. तंद्री लागणंही थांबलं. मला विचाराल तर म्हाताऱ्याला त्याचंच दुःख जास्त होतं.

एप्रिलमध्ये त्याची मुलगी लिंदा दारात ट्रक घेऊन उभी राहिली. लिंदा विधवा, शेहेचाळीस वर्षांची, चार कामगारांचा कारखाना एकटीच्या बळावर चालवणारी. लष्करी बंदुका खोलून साफ करायच्या, दस्ते नव्याने तासायचे आणि शिकाऱ्यांना विकायच्या, हा तिचा धंदा.

"चला बाबा. तीस पेट्यांचा लॉट निघालाय. सगळं किडूकमिडूक विकून पैसा उभा केलाय मी."

"सगळं?"

"सगळं. चांगला निघाला तर दोन वर्षं मान वर करायला फुरसत नाही, एवढं काम. सडका निघाला तर कारखान्याला कुलूप." आणि ती हसली. "पण तुम्ही आहात ना. मला कसली भीती?"

वाटेत फाउस्तीनोने तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तिने त्याला चीज-पाव दिला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "बोलू नका, वारा लागेल नाकाला." तिसऱ्यांदा त्यानेच मिटून घेतलं. बाहेर सपाट शेतांवर धुकं तरंगत होतं, पॉपलरच्या रांगा त्यात कमरेपर्यंत बुडाल्या होत्या, आणि त्याला वाटलं, हा रस्ता असाच चालू राहावा, ते कोठार कधी येऊच नये.

कोठार आलं. सार्जंट कुपोलो दक्षिणेकडचा, बोलघेवडा. त्याने टोपी काढून म्हाताऱ्याला नमस्कार केला. मागे तांगेत्ती नावाचा व्यापारी आपल्या पाळीची वाट बघत सिगरेट ओढत होता.

"उस्ताद, कुठली उघडू?"

फाउस्तीनोने उगाच दोन-चार पेट्यांवर बोटाची पेरं आपटली आणि कोपऱ्यातली एक दाखवली. झाकण निघालं. तो वाकला, डोळे मिटले. तांगेत्तीनेसुद्धा सिगरेट विझवली, एवढा त्या नाकाचा मान.

काही आलं नाही. ना बर्फ, ना चौकी, ना कुणाचा पोरगा. त्याने डोळे उघडून पाहिलं. ग्रीस कसं लखलखीत होतं, दस्ते सरळ, कुठे तडा नाही. 'हो' अगदी ओठावर आलं. वर पाहिलं तर लिंदा बाह्या सरसावून उभी होती, पेट्या उचलायच्या तयारीत.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे लॉट चांगला!" सार्जंट म्हणाला.

"म्हणजे मला वास येत नाही. कसलाच. फेब्रुवारीपासून."

तांगेत्ती खो खो हसला. "घ्या! आता उस्तादांना मोडीत काढा, आणि लावा बोली!"

लिंदाचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? दोन तास शेजारी बसून चीज-पाव खाल्लात माझा!"

"लाज वाटली गं."

"लाज! इथे माझं घरदार पणाला लागलंय, आणि तुम्हाला लाज!"

"रागव मला, पण घरी गेल्यावर. आता तू वाक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाहीच. ग्रीस जाऊ दे, त्याच्या खाली जा. काय वाटेल ते नुसतं सांग."

ती तणतणत गुडघ्यांवर बसली आणि तोंड पेटीत घातलं. "ग्रीस. ग्रीस. लोखंड. बाबा, हा काय पोरखेळ..." ती थांबली. "गवत आहे."

"ओलं की सुकं?"

"जुनं. दमट. गोठ्याच्या माळ्यावर असतं ना, खालून जनावरांची ऊब लागलेलं, तसलं." मग ती आणखी खाली वाकली. बोलली तेव्हा आवाज तिचा नव्हता, एखाद्या कोवळ्या पोरीचा होता. "बाबा, यात प्रीमो आहे."

प्रीमो तिचा नवरा. महायुद्धात, त्रेचाळीसच्या सप्टेंबरमध्ये, शरणागती जाहीर होऊन एका रात्रीत फौज विरघळून गेली तेव्हा तो घराकडे चालत निघाला होता. सतरा दिवस. रात्री चालायचं, दिवसा लोकांच्या गवतात दडून झोपायचं. अठराव्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं तेव्हा त्याच्या केसांना, सदऱ्याला, हातांना हाच वास होता. तिने त्याला अंघोळ घातली आणि तो वास धुऊन टाकला. दोन हिवाळे काढून छातीच्या दुखण्याने तो गेला.

फाउस्तीनो हळूच म्हणाला, "त्या सप्टेंबरच्या आहेत या. पोरांनी गवतात खुपसल्या आणि घरं गाठली. पुढे कुणीतरी गोळा केल्या आणि न धुता वरून ग्रीस फासलं. नळ्या आतून गंजाने खाल्ल्या असतील." तो सार्जंटकडे वळला. "नाही. आम्ही घेत नाही."

"मी घेतो," तांगेत्ती लगेच म्हणाला. "गवताला भिणारा नव्हे मी." पुढे जूनमध्ये ग्रीस काढायला त्याने त्या उकळत्या पाण्यात टाकल्या आणि सहाशे नळ्यांतल्या चाळीसही धड निघाल्या नाहीत, असं ऐकलं. पण ते जूनमध्ये.

त्या वेळी लिंदा उठली नव्हती. पेटीतूनच तिने विचारलं, "सार्जंट, एक देता? एकच?"

"सुटी नाही देता येत हो ताई. घेतला तर सगळा लॉट."

"झाकण लावा आता," तांगेत्ती घड्याळ बघत म्हणाला. "माझी पाळी आहे."

"गप रे!" फाउस्तीनो ओरडला. उभ्या आयुष्यात तो कोठारात ओरडला नव्हता. "पेटी अजून आमची आहे. तिचं व्हायचंय."

सार्जंटने तांगेत्तीला दंडाला धरून बाहेर नेलं. फाउस्तीनो लेकीशेजारी कसाबसा गुडघे टेकून बसला, आपलं ते थोरलं नाक पेटीत घातलं आणि पुन्हा एकदा खोल श्वास ओढला. काही नाही. जावई त्याचा लाडका होता. आतून एकदा तरी दिसावा म्हणून जीव तुटत होता, आणि या खेपेला त्याला धंद्याचं काही सुचलं नाही.

"कसा आहे गं तो?" त्याने विचारलं.

लिंदाने डोळे उघडले नाहीत.

"दमलाय," ती म्हणाली. "पण घरी पोचलाय."